'ण' कोणाचा

मी बारावीत असताना, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, दुपारी बाराच्या सुमारास, माझ्या आईच्या पीएचडीच्या सहामाही प्रगती अहवालावर 'असमाधानकारक' असा शेरा पडला. शेरा निळ्या शाईत होता आणि त्याखाली तीन सह्या होत्या. त्या वेळी खोलीत पाच माणसं होती. संशोधन सल्लागार समितीचे तिघे, आई, आणि लॅपटॉपवर स्लाइड पुढे सरकवण्यासाठी कॉलेज बुडवून आलेली मी. शेऱ्याला कारण मी होते. हे त्या पाचांपैकी दोघींच्याच लक्षात आलं होतं.

शेऱ्याचा अर्थ नियमपुस्तिकेत स्पष्ट होता. पीएचडीच्या विद्यार्थ्यानं दर सहा महिन्यांनी समितीसमोर उभं राहून कामाचा अहवाल द्यायचा. प्रगती असमाधानकारक असेल तर समिती कारणं नोंदवते आणि सुधारणा सुचवते. त्या सुधारणा झाल्या नाहीत तर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करते. आईची नोंदणी आठव्या वर्षात होती. सहा वर्षं सगळ्यांना मिळतात, वरची दोन महिला उमेदवारांना सवलत म्हणून. ती सवलत तिनं घेऊन झाली होती. मुदत पुढच्या ऑगस्टअखेर संपत होती आणि मधे एकच अहवाल उरला होता, मे महिन्यातला. त्यानंतर मागण्यासारखं काही नव्हतं.

खोलीत जे घडलं ते मी क्रमानं लिहिते. आईचा विषय होता ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या मिठागर कामगारांची बोली. तिच्या चौथ्या प्रकरणात, आमच्या बोलीत 'ण'च्या जागी 'न' कुठे, किती आणि कोणत्या वयाच्या माणसांच्या तोंडी येतो, याचे तक्ते होते. याआधीच्या बैठकांना ती फक्त तक्ते दाखवत आली होती. या वेळी समितीनं मुलाखतींचं पूर्ण परिशिष्ट मागवलं होतं. नवव्या स्लाइडवर भाषाविज्ञानाचे सर म्हणाले, "एक मिनिट, मॅडम. हे निवेदक क्रमांक सात. वय पंच्याऐंशी, सगळा जन्म मिठागरात. त्यांचं वाक्य परिशिष्टातून वाचता का जरा?"

आईनं परिशिष्ट उघडलं आणि वाचलं. "'उधाणाचं पाणी खाजणात आलं, की आम्ही बांध धरायचो.'"

"पुन्हा वाचा."

तिनं वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'पाणी'पाशी ती थांबली.

"तुमचा तक्ता म्हणतो, हे गृहस्थ 'ण' उच्चारतच नाहीत," सर म्हणाले. "तुमच्या परिशिष्टात त्यांनी एका वाक्यात तीन वेळा उच्चारलाय. दोन्ही खरं असू शकत नाही. आम्ही कशावर विश्वास ठेवायचा?"

आईच्या मार्गदर्शक सावंत बाई होत्या. त्यांनी चष्मा काढून पानं उलटली. प्रत्येक पानावर तेच होतं. "वीणा, हे टाइप कोणी केलं?"

"टायपिस्टनं, मॅडम."

"टायपिस्ट बदला," सावंत बाई म्हणाल्या. तिसरे सदस्य हसले. मी पुढची स्लाइड लावली. ती कोणी पाहिली नाही.

तळवलीत आमचं घर गावठाणातल्या जागेवर होतं. खाली आम्ही राहायचो, वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू. समोरून हमरस्त्याच्या ट्रकांचा आवाज दिवसभर यायचा आणि वरच्या टाकीचा पंप कोणीतरी चालू करून विसरायचं. आईला वेगळी खोली नव्हती. जेवणाच्या टेबलाचा भिंतीकडचा अर्धा भाग तिचा होता; तिथं कागद, रेकॉर्डर, हेडफोन आणि नियमपुस्तिकेची झेरॉक्स असायची. उरलेल्या अर्ध्यावर आम्ही तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी खायचो. तिच्या पहिल्या प्रकरणाच्या काही पानांना चिंबोऱ्यांच्या रश्शाचे डाग होते. सावंत बाईंनी एकदा त्यातलं एक पान नाकाशी धरून "लसूण जास्त झालाय" असा शेरा दिला होता. खांदेश्वरला त्यांच्या घरी आई प्रकरणं घेऊन जायची आणि येताना पानांच्या समासात पेन्सिलीचे प्रश्न घेऊन यायची.

आईचा दिवस ठरलेला नव्हता. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची, म्हणजे जेवढे तास तेवढंच काम, आणि पुढच्या वर्षी ते मिळेलच असं नाही. पीएचडीशिवाय कायम जागेच्या मुलाखतीला बोलावणं येत नव्हतं. प्रवेशाची पेट परीक्षा ती दुसऱ्या प्रयत्नात पास झाली होती. नंतर मुलाखत, मग विषयाचा आराखडा, मग सहा महिन्यांचा कोर्सवर्क. त्या वर्गात बाकीची मुलं तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती आणि तिला 'मॅम' म्हणत होती. मला आठवतं तेव्हापासून घरात सहा-सहा महिन्यांनी एक अस्वस्थता यायची. अहवालाच्या आधीचे दहा दिवस आई बसून जेवायची नाही. भाजी ढवळताना दुसऱ्या हातात कागद. बाबा कामावरून आले, की दार उघडताच विचारायचे, "अहवाल झाला का?" जसं एखाद्या घरात ताप उतरला का विचारतात.

विद्यापीठात आई 'आहे' म्हणायची, उंबरठ्याच्या आत 'हाय'. हा बदल ती कुठे करते ते मी लहानपणी शोधायचा प्रयत्न केला होता. रिक्षात बसेपर्यंत 'हाय' असायचं. विद्यापीठाच्या फाटकावर ती रखवालदाराशी 'आहे' बोलायची. मधला भाग ती गप्प असायची.

मला असं दोन्हीकडे राहता आलं नाही. पाचवीत शाळा बदलली तेव्हा मी वर्गात "पानी" म्हणाले होते आणि बाकीचा वर्ग महिनाभर मला 'पानी' याच नावानं हाक मारत होता. मराठीच्या बाईंनी मला पाणी, लोणी, कोणी, आणि, हे शब्द रोज वीस वेळा लिहायला लावले. टाळूला जीभ लावून मोठ्यानं म्हणायला लावले. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यामुळे मला सातवीत वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं. आठवीपासून मी घरातल्या माणसांना दुरुस्त करू लागले. बाबा हसायचे. आई हसायची नाही, पण थांबवायचीही नाही.

आईच्या मुलाखती कागदावर उतरवायचं काम मी दहावीच्या सुट्टीत मागून घेतलं होतं. आईला वेळ नव्हता, माझा टायपिंगचा वेग चांगला होता. बावीस माणसांच्या मुलाखती होत्या. तक्ते तिनं स्वतः ऐकून, वहीत खुणा करून आधीच केले होते. परिशिष्ट फक्त टाइप करायचं होतं. मी हेडफोन लावून बसायचे आणि माणसं जे बोलायची ते लिहायचे. निदान माझी समजूत तशी होती. 'हाय'चं मी 'आहे' केलं, 'खाजन'चं 'खाजण' (भरतीचं पाणी शिरतं ती खाडीकाठची जमीन), 'उधान'चं 'उधाण', 'पानी'चं सगळीकडे 'पाणी'. हे मी कोणाला फसवण्यासाठी केलं नव्हतं. आमची माणसं विद्यापीठात जाणार होती, पुस्तकात छापली जाणार होती. त्यांचं तिथं हसू होऊ नये असं मला वाटलं. आज वर्तमानपत्राच्या डेस्कवर नवीन मुलं येतात तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगते, की अवतरणचिन्हांतल्या वाक्याला हात लावायचा नाही. हा नियम मी कुठे शिकले ते सांगत नाही.

त्या सोमवारी आम्ही विद्यापीठातून घरी आलो. आईनं साडीही बदलली नाही. परिशिष्टाचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि लाल पेन घेऊन पहिल्या पानावरच्या 'ण'वर गोल करायला लागली. चार पानं झाल्यावर पेन खाली ठेवलं.

"सगल्या पानांवर?"

"हो."

"सगले बावीस?"

"हो."

"कला केलास?" म्हणजे, कशाला केलंस.

"चुकीचं होतं म्हणून."

"कोनाचा चुकीचा होता?" तिनं विचारलं. ती उठली, कुकर लावला, शिट्ट्या मोजायला विसरली आणि भात खाली लागला. संध्याकाळी बाबा आले तेव्हा घरात जळल्याचा वास होता. बाबा न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटकडे कागदपत्रं बघायचे. त्यांनी हकिगत ऐकली, बूट काढले आणि म्हणाले, "आमच्याकडं एक अक्षर चुकला तरी कंटेनर हालत नाय. मंग अमेंडमेंट टाकाची, दंड भराचा, माल सोडवाचा. तुमच्याकडं अमेंडमेंट नाय का?"

"हाय. मे महिन्यापर्यंत."

"मंग टाक ना!"

"सगला परत ऐकाला लागंल."

"मंग ऐक." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आन या इंस्पेक्टरला बी बसव. हिनंच माल आडकवलाय."

त्या आठवड्यापासून आम्ही दोघी पुन्हा ऐकायला बसलो. माझी बारावीची प्रिलिम जवळ आली होती. सकाळी मी भौतिकशास्त्र करायचे, दुपारी चार ते सात निवेदक. आईनं एक पद्धत ठरवली. आधी मी लिहायचं, मग तेच ती लिहिणार, मग दोन्ही कागद ताडून बघायचे. पहिल्याच दिवशी एक गोष्ट उघड झाली, जी आम्हा दोघींना माहीत नव्हती. निदान 'ण' तरी मी मुद्दाम लावत नव्हते. मला ऐकूच 'ण' येत होता. रेकॉर्डरमधली बाई स्पष्ट 'पानी' म्हणायची आणि माझा हात 'पाणी' लिहायचा. आईनं वेग निम्मा केला. एकच शब्द सात-आठ वेळा ऐकवला. "आता?" "पाणी." "आता?" "पाणी." "आता नीट ऐक, तिची जीभ कुठं हाय?" मला जीभ दिसत नव्हती. वर पंप चालू होता, बाहेर ट्रक जात होते. मी हेडफोन काढून फेकला आणि गच्चीवर गेले. ती मागे आली नाही. खाली तिचा आवाज येत होता. ती रेकॉर्डरबरोबर तोच शब्द मोठ्यानं म्हणून बघत होती.

जानेवारीअखेर वीस मुलाखती झाल्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एकविसावी. निवेदक क्रमांक सातची फाइल मात्र उघडेना. ती ज्या मेमरी कार्डावर होती ते दोन दुकानांत दाखवलं. दोन्हीकडे सांगितलं, की त्यातलं काही परत येणार नाही. क्रमांक सात म्हणजे हिरूबाबा, बाबांचे चुलते. मागच्या आळीत राहायचे. मिठागर बंद होईपर्यंत त्यांनी तिथली सगळी कामं केली होती, आणि आईनं जमवलेल्या शब्दांपैकी निम्म्याहून जास्त त्यांच्याकडूनच आले होते. समितीत सरांनी जे वाक्य वाचायला लावलं तेही त्यांचंच. त्यांची मुलाखत पुन्हा घेतल्याशिवाय चौथं प्रकरण उभं राहत नव्हतं.

माझी लेखी परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही त्यांच्याकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. अंगणात चटईवर सुकट वाळत घातलेली. नेहमी बनियनवर असणारे हिरूबाबा सदरा घालून, बटणं लावून बसले होते. आईनं संमतीपत्र वाचून दाखवलं, त्यांनी सही केली, मी रेकॉर्डर चालू केला.

"बाबा, मिठागरात पहिला काय कराचा, ते सांगा."

हिरूबाबांनी घसा साफ केला. "पहिले... समुद्राचे पाणी," ते म्हणाले. 'णी' म्हणताना त्यांनी मान थोडी वर केली. "ते तापवणीत घेणे. तापवणी म्हणजे, उन्हात पाणी तापाला ठेवतात तो खण." मग माझ्याकडे वळून विचारलं, "बरोबर बोललू ना गो, बाय?"

आई माझ्याकडे बघत नव्हती. तिनं रेकॉर्डर बंद केला नाही. "बाबा, घरात बोलताव तसा बोला."

"घरात बोलतो तसेच बोलतो आहे," हिरूबाबा म्हणाले. अर्धा तास ते असेच बोलले. प्रत्येक 'ण'साठी ते श्वास घ्यायचे. 'खाजण' म्हणताना एकदा ठसका लागला. काही ठिकाणी जिथं 'न'च हवा तिथंही त्यांनी 'ण' लावला. 'मीठ वाहून नेणे'चं 'णेणे' झालं. आईनं विषय बदलून बघितला. त्यांच्या लग्नाचं विचारलं, बैलांचं विचारलं, भावकीतल्या भांडणाचं विचारलं. त्यांनी भांडणही पुस्तकी भाषेत सांगितलं.

शेवटी तिनं सरळ विचारलं, "बाबा, 'पाणी' तुमाला कोनी शिकवला?"

त्यांनी हनुवटीनं मला दाखवलं. "ही तुजी पोर. मागल्या वर्षाला कागूद आनला व्हता. सगला वाचून दावला. मी आसा बोललू? मना लय बरा वाटला. मना वाटला, युनवर्शिटीन आसाच बोलतान. मंग रोज थोरा थोरा बोलून बघतंय. तुला लाज नको याला, वीनाबाय."

हे खरं होतं. उतरवलेली मुलाखत निवेदकाला वाचून दाखवायची आणि ती बरोबर असल्याची सही घ्यायची, असा नियम होता. आईचे तास असल्यामुळे ते काम मी केलं होतं. मी बावीस जणांना बावीस मुलाखती स्वच्छ करून वाचून दाखवल्या होत्या आणि सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. कोणीही म्हणालं नव्हतं, की आम्ही असं बोललो नाही.

आई काही बोलण्याच्या बेतात होती, तेवढ्यात शेजारच्या इमारतीवरची टाकी भरून वाहायला लागली. पाण्याची धार पत्र्यावर, पत्र्यावरून थेट अंगणातल्या चटईवर. हिरूबाबा उठले. पंच्याऐंशीव्या वर्षी ते इतक्या लवकर उठतील असं मला वाटलं नव्हतं. "ए! ए, वरच्या! पानी बंद कर! माजी सुकट भिजली ना! बापाचा पानी हाय का? पोटाला घालतंव ता भिजवलास! खाजनात पानी शिरला तं आमी आख्खा दिस बांद धरून उभा ऱ्हायलू, छातीपातूर उधान, आन तुमाना एक नल बंद करता ये नाय? उतर खाली! उतर, दावतंय तुला पानी कसा आडवतान!" याच्या मधे दोन शब्द आणखी होते. ते मी इथं देत नाही, ध्वनिमुद्रणात आहेत.

वरच्या भाडेकरणीनं खिडकीतून "सॉरी, अंकल" म्हटलं. धार थांबली. आम्ही तिघांनी मिळून चटई उन्हात ओढली. हिरूबाबा परत ओट्यावर येऊन बसले, सदरा झटकला आणि रेकॉर्डरकडे बघितलं. त्यावरचा लाल दिवा चालू होता.

"ता पन घेतलास?"

"घेतला," आई म्हणाली. "राहू दे का, तुमी सांगा. नाय म्हनलाव तं पुसतंय."

"गाल्या काढ."

"काढतंय."

"आन लिवताना पाणीच लिव. ता मी रागान बोललू."

"दोनी लिवतंय, बाबा," आई म्हणाली. "पयला बोललाव ता बी, आन मंगाशी बोललाव ता बी."

"दोनी कला?"

आईनं रेकॉर्डर बंद करून माझ्याकडे दिला. घरी येताना आळीच्या तोंडाशी ती थांबली, माझ्या हातातून रेकॉर्डर घेतला आणि ती अर्ध्या मिनिटाची गडबड कानाशी धरून दोनदा ऐकली. मग विचारलं, "तुजा आदीचा परिशिष्ट, जुना, पुसलास का?"

"नाही."

"पुसू नको."

दुसऱ्या दिवशी ती खांदेश्वरला गेली. परत आली तेव्हा तिच्याकडे एक नवं संमतीपत्र होतं. सावंत बाईंशी तिचं काय बोलणं झालं हे मला तिच्याकडूनच कळलं. पडताळून बघता आलेलं नाही. तिच्या म्हणण्यानुसार, तिनं बाईंना टायपिस्ट कोण ते सांगितलं आणि विचारलं, की त्याच गावातली सतरा वर्षांची मुलगी जर बावीस माणसांचा प्रत्येक 'न' ऐकताना 'ण' करत असेल, आणि तिचं ऐकून पंच्याऐंशी वर्षांचा माणूस स्वतःचा उच्चार बदलत असेल, तर ते परिशिष्ट टाकून द्यायचं की प्रकरणात घ्यायचं? बाई म्हणाल्या, घ्यायचं असेल तर ती मुलगी निवेदक म्हणून आली पाहिजे, रीतसर. मुलगी अल्पवयीन आहे, पालकाची सही लागेल, आणि ती सही तुझी चालणार नाही.

बाबांनी कागद वाचला आणि टेबलावर ठेवला. "पोरीला दाखवाला ठेवतेस काय?"

"नाव येनार नाय. फक्त नंबर."

"तलवली, वय सतरा, आई पीएचडी करते. नंबर कला पायजे? आख्ख्या गावाला कलंल."

"मंग मना सांग, मे मधे मी काय दाखवू?"

बाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "आदी हिला विचार. मी सेकंड सिग्नेटरी."

मी नाही म्हणाले. आईनं पुन्हा विचारलं नाही. कागद टेबलाच्या भिंतीकडच्या भागात पडून राहिला. एप्रिल सुरू झाला होता, अहवालाला पाच आठवडे होते. ती जेवायला बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. पंप बंद करायला जायची, पंप बंदच असायचा. रेकॉर्डर चार्जिंगला लावायची, काढायची. नियमपुस्तिकेतलं नोंदणी रद्द होण्याचं पान उघडं राहायचं. मी कॉलेजची प्रवेशपत्रकं भरत होते. 'मातृभाषा' या रकान्यात काय लिहायचं हा प्रश्न मला पडला नव्हता, मी 'मराठी' लिहिलं होतं. आठव्या दिवशी मी संमतीपत्रावर सही केली. का केली याचं खात्रीचं कारण मला तेव्हा देता आलं नाही आणि आजही देता येत नाही. बाबांनी खाली सही करून तारीख घातली आणि म्हणाले, "झाली अमेंडमेंट."

त्यानंतर चार संध्याकाळी आईनं माझी मुलाखत घेतली. पहिल्या दिवशी तिनं शब्दांची यादी वाचायला दिली. दुसऱ्या दिवशी शाळेबद्दल विचारलं. तिसऱ्या दिवशी रेकॉर्डर टेबलावर ठेवून ती स्वयंपाक करत राहिली आणि मी खाडीतले निवटे मासे साफ करताना जे बोलले ते घेतलं. चौथ्या दिवशी तिनं माझ्याशी भांडण काढलं. ते ठरवून काढलं होतं हे मला नंतर कळलं. मी बरंच बोलले. वक्तृत्वाचं बक्षीस, 'पानी' म्हणून मारलेल्या हाका, तिचं फाटकापाशी बदलणं, सगळं आलं. ती ऐकत होती आणि मधूनमधून रेकॉर्डरच्या दिव्याकडे बघत होती. भांडण संपल्यावर तिनं विचारलं, "चहा टाकू?" आणि टाकला.

मेच्या बैठकीला मी पुन्हा लॅपटॉपवर होते. आईनं नवं परिशिष्ट दाखवलं, त्याच्या बाजूला जुनं दाखवलं. हिरूबाबांची दोन्ही वाक्यं लागोपाठ ऐकवली. ते दोन शब्द वगळून. तिसऱ्या सदस्यांना हसू आवरलं नाही. भाषाविज्ञानाच्या सरांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावायला सांगितलं. मग त्यांनी शेवटच्या तक्त्यावर बोट ठेवलं. "हे निवेदक क्रमांक तेवीस. मूळ लिप्यंतर यांनीच केलंय?"

"हो सर."

"मागच्या वेळी तुम्ही टायपिस्ट म्हणाला होता."

"खोटं बोलले होते, सर. माझी मुलगी आहे. ही." आईनं माझ्याकडे हात केला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. समोरचा पेला उचलून विचारलं, "यात काय आहे?"

मी सांगितलं. त्यांनी मान डोलावून कागदावर काहीतरी लिहिलं. वीस मिनिटांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं आणि पुन्हा आत बोलावलं. अहवालावर 'समाधानकारक' असा शेरा होता. खाली एक सूचना होती. पहिलं लिप्यंतर सदोष का ठरलं याचं स्पष्टीकरण पद्धतीच्या प्रकरणात द्यावं, आणि मार्गदर्शकांनी ते तपासावं.

जूनमध्ये पूर्वसादरीकरण झालं. ऑगस्टमध्ये, नोंदणीची मुदत संपायला एकोणीस दिवस असताना, आईनं प्रबंधाच्या प्रती विद्यापीठाच्या खिडकीवर जमा केल्या आणि पोच घेतली. चौथ्या प्रकरणाचा शेवटचा तक्ता तेवीस ओळींचा आहे. तेविसावी ओळ अशी आहे. निवेदक २३. स्त्री. वय सतरा. तळवली. संभाषणाचे प्रकार चार. 'पानी' हा उच्चार: आढळला नाही.